रंगाची मुदत आणि बरणीचा बंदोबस्त

मस्कतमध्ये संसार मांडलेल्या मराठी कुटुंबांचे वर्ष उन्हाळ्याच्या सुट्टीभोवती फिरते. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा जूनमध्ये बंद झाल्या, की बायकामुलांनी आजोळची वाट धरावी, घरधन्याने जमेल तेवढी रजा काढून मागोमाग जावे, आणि ऑगस्टात, गणपती तोंडावर आले असताना, फणसपोळ्या आणि कोकमे यांनी फुगलेल्या बॅगा घेऊन परतावे, असा हा शिरस्ता आहे. आणि मधल्या काळात, कुलूपबंद घरात वातानुकूलन यंत्र थांबलेले असताना, कपाटांतील यच्चयावत वस्तूंवर काय प्रसंग गुदरत असेल, याचा विचार परत येऊन कपाट उघडेपर्यंत कोणाच्याही मनात येत नाही.

मस्कतच्या रुवी भागातील आमच्या घरी एका वर्षी हा विचार मखर रंगवायला बसल्यावर आला. मुलीने रंगांची पेटी उघडली आणि लगेच फिर्याद मांडली, “बाबा, हा रंग नाहीच, हे रबर आहे!” पाठोपाठ स्वयंपाकघरातून पृच्छा आली, “अहो, कसला वास सुटलाय?” तेव्हा रद्दी वर्तमानपत्र अंथरून पेटीतील आणि कपाटातील चार पात्रे त्यावर मांडली, आणि त्यांचा रीतसर पंचनामा केला.

पहिले पात्र म्हणजे एकमेकींना जोडलेल्या सहा इवल्या पारदर्शक वाट्यांची पट्टी, प्रत्येकीला दाबून बसवायचे झाकण. आत सहा टणक गोळे. दुसरे पात्र पांढऱ्या रंगाची रुंद तोंडाची बरणी, अर्धी रिकामी. झाकण काढताच कुजक्या अंड्याचा दर्प, आणि पूर्वी दह्यासारखा दाट असलेला रंग आता ताकासारखा पातळ. तिसरे पात्र गेल्या वर्षी चौरंगाला लावलेल्या तांबड्या एनॅमल रंगाचा पत्र्याचा डबा. त्यातील रंगावर दिसण्यात सायीसारखे, पण ओढून पाहता चामड्यासारखे चिवट कातडे धरलेले. चौथे पात्र दुधट, जाडसर प्लॅस्टिकची, चिंचोळ्या तोंडाची कुपी. तिच्यातील निळा रंग मात्र कालच भरल्यासारखा. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या पात्रातील रंग एकाच जातीचे, म्हणजे पाण्यात कालवलेले ॲक्रिलिक. तिघांची खरेदी एकाच दिवशी मत्रहच्या बाजारात झालेली. आणि तिघांवर छापलेली मुदत संपायला अद्याप पुष्कळ अवकाश होता. एकाच खरेदीतल्या तीन भावंडांपैकी एक दगड झाला, एक कुजला आणि एक धडधाकट राहिला, तर दोष रंगाच्या जातीवर ठेवता येत नाही. तो शोधावा लागतो त्यांच्या घरांत, म्हणजे पात्रांत.

या प्रकरणाचा सर्व मजकूर त्या एका पंचनाम्याचे स्पष्टीकरण आहे. वेष्टनावर छापलेली तारीख एकट्या रंगाची नसते; रंग, पात्र आणि भोवतालची हवा या तिघांमध्ये झालेल्या कराराची ती तारीख असते, आणि झाकण पहिल्यांदा उघडले, की त्या कराराची कलमे बदलतात.

रंग म्हणजे स्थूलमानाने तीन पदार्थांची सांगड. एक रंगद्रव्य, म्हणजे न विरघळणारी बारीक पूड. दुसरे बंधक, जे त्या पुडीचे कण एकमेकांशी आणि पृष्ठभागाशी चिकटवून ठेवते. आणि तिसरे द्रावक, जे या दोघांना ब्रशाखाली वाहते ठेवते. यांपैकी रंगद्रव्य बहुधा दीर्घायुषी असते. ओमानच्या अंतर्भागात, निझवा या गावाच्या नैर्ऋत्येस जबरीनचा किल्ला आहे. इमाम बिलअरब बिन सुलतान याने तो सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला, आणि त्याच्या दालनांच्या लाकडी छतांवरील रंगवलेली वेलबुट्टी आजही पाहणाऱ्याला मान वर करून उभे राहायला लावते. भिंतीवर आणि छतावर तीनतीन शतके टिकणारा रंग बरणीत तीन महिने टिकू नये, हे प्रथमदर्शनी अघटित वाटते. परंतु त्यात विसंगती काही नाही. वाळणे हा रंगाचा धर्म आहे, छतावर तो धर्म पूर्ण झालेला आहे. आणि बरणीवर कामगिरी आहे ती त्या धर्माचे आचरण आपण ब्रश हाती घेईपर्यंत लांबणीवर टाकण्याची. म्हणून रंग टिकवायचा असेल, तर तो वाळतो कसा हे आधी कळले पाहिजे, कारण प्रत्येक जातीच्या रंगाचे वाळणे निराळे, आणि म्हणून त्याला थोपवून धरणारा पहारेकरीही निराळा.

पहिल्या पात्राकडे वळू. ॲक्रिलिक रंगात बंधकाचे अतिसूक्ष्म गोलक पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले, की हे गोलक एकमेकांना भिडतात, दाबले जातात आणि एकजीव होऊन त्यांचा सलग पापुद्रा बनतो; हा पापुद्रा पुन्हा पाण्यात विरघळत नाही, आणि म्हणूनच मुलीच्या हातातील त्या रबरी गोळ्यांवर कितीही पाणी ओतले तरी त्यांचा पुन्हा रंग होणे नव्हते. ॲक्रिलिकचे आयुष्य म्हणजे त्यातील पाण्याचे आयुष्य. आणि पाण्याला पळून जाण्याचा हुरूप किती येईल, हे ठरवते उष्णता. बंदिस्त जागेत पाण्याच्या वाफेचा दाब २५ अंश सेल्सियसला पाऱ्याच्या सुमारे २४ मिलिमीटरांइतका असतो, आणि ४५ अंशांना तो सुमारे ७२ मिलिमीटर होतो, म्हणजे २० अंशांच्या चढीत तिप्पट. ज्या देशात मस्कतपासून फार दूर नसलेल्या कुरय्यात या किनाऱ्यावरच्या गावी २६ जून २०१८ रोजी चोवीस तासांत, मध्यरात्रीसुद्धा, पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नाही, आणि जगातील सर्वांत उष्ण रात्रींच्या दप्तरात त्या गावाचे नाव चढले, त्या देशात बंद घरातील कपाटाला रात्रीचा दिलासाही मिळत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. किनाऱ्यावर हवेतच बाष्प पुष्कळ असते, त्यामुळे पाण्याच्या पलायनाला काहीसा अटकाव होतो. निझवा, बहला अशा अंतर्भागातील गावांत हवा कोरडी, आणि तेथे तोही अटकाव नाही.

आता वाफेला वाट कोणती? आपली समजूत अशी, की झाकण घट्ट असले म्हणजे बरणी बंद झाली. ओमानच्या मातीच्या घड्यांकडे पाहिले, तर या समजुतीतील उणीव चटकन लक्षात येते. तिथल्या जुन्या घरांत पाण्यासाठी जहला नावाचा बिनझिलईचा मातीचा घडा टांगून ठेवण्याची चाल होती. आपल्या माठाचा हा सख्खा भाऊ. त्याच्या अंगातून पाणी पाझरते, पृष्ठावर येऊन उडते, उडताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते, आणि म्हणून आतले पाणी गार राहते. पाझरणे हाच या भांड्याचा गुण. रंगासाठी हाच गुण घातक, कारण जहल्यात ठेवलेला पाण्याचा रंग थोड्याच दिवसांत घट्ट होईल. मातीला दिसण्याजोगी छिद्रे नसतात, तरी ती झिरपते, हे आपण मान्य करतो. प्लॅस्टिकही झिरपते, हे मान्य करायला मात्र मन तयार होत नाही. वस्तुतः प्रत्येक प्लॅस्टिकच्या भिंतीतून पाण्याची वाफ रेणूरेणूने बाहेर जात असते, केवळ वेग निरनिराळा.

या वेगाचा हिशेब मोठा उद्बोधक आहे. प्लॅस्टिकच्या भांड्याच्या बुडाशी तीन बाणांच्या त्रिकोणात एक अंक कोरलेला असतो. तो अंक म्हणजे त्या भांड्याच्या कुळाचा दाखला. २ हा अंक एचडीपीई नावाच्या दुधट, किंचित मेणचट प्लॅस्टिकचा. १ हा पाण्याच्या बाटल्यांच्या पारदर्शक पेटचा. ५ हा पॉलिप्रॉपिलीनचा. आणि ६ हा कडक, ठिसूळ पॉलिस्टायरिनचा. सारख्या जाडीची भिंत धरली, तर एचडीपीईतून जेवढी वाफ निसटते, त्याच्या तिप्पट-चौपट पेटमधून निसटते, आणि पॉलिस्टायरिनमधून निसटणारी वाफ वीसपटीच्या घरात जाते. आमच्या वाट्यांच्या पट्टीच्या बुडाशी ६ होता, भिंत नखाएवढी पातळ होती, प्रत्येक वाटीत रंग असावा जेमतेम चहाचा चमचाभर. आणि पात्र जितके लहान, तितका त्यातील रंगाच्या मानाने भिंतीचा विस्तार मोठा, हा भूमितीचा नियमही तिच्याच विरुद्ध साक्ष देत होता. चौथ्या पात्राच्या, त्या धडधाकट निळ्या कुपीच्या, बुडाशी २ होता.

तथापि एचडीपीईला सर्वगुणसंपन्न मानून सगळेच रंग त्याच्या हवाली करणे ही दुसरी चूक ठरेल, आणि या विषयातील खरी गंमत येथेच आहे. जे प्लॅस्टिक पाण्याच्या वाफेला दाराच्या आतच थोपवते, तेच प्राणवायूला सताड आत घेते: सारख्या जाडीच्या पेटच्या भिंतीतून जेवढा प्राणवायू शिरतो, त्याच्या तीसपटीहून अधिक तो एचडीपीईतून शिरतो. टर्पेंटाइन, थिनर यांसारखी द्रावकेही त्याच्या भिंतीत मुरतात, ती फुगवतात आणि बाहेर निसटतात. काही महिन्यांनी कुपीच्या कुशी आत ओढल्यासारख्या खपाटीला गेलेल्या दिसतात, त्या यामुळे. पॉलिस्टायरिनची गोष्ट तर विचारूच नये. लबनाच्या, म्हणजे ताकाच्या, वा दह्याच्या ठिसूळ रिकाम्या पेल्यात थिनर ओतला, तर पेल्याचे बूडच विरघळून खाली उतरते. याचा अर्थ असा, की उत्तम पात्र असे काही नसते. अमुक रंगासाठी उत्तम पात्र असते. पहारेकरी नेमताना चोर कोण हे आधी ठाऊक हवे.

तिसऱ्या पात्रातील तांबड्या एनॅमलचा चोर पाणी नव्हताच. जवसाच्या तेलासारख्या सुकणाऱ्या तेलांवर, किंवा तशा तेलांपासून केलेल्या बंधकांवर, जे रंग उभे असतात, ते वाळतात ते काही गमावून नव्हे, तर काही मिळवून: हवेतील प्राणवायू शोषून घेऊन तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि त्यांचे जाळे बनते. पत्र्याच्या डब्याच्या भिंतीतून वाफही जात नाही आणि प्राणवायूही येत नाही. तेव्हा डबा निर्दोष होता. दोष होता तो त्याच्या रिकाम्या वरच्या अर्ध्या भागाचा. अर्धा डबा रंग वापरला, की उरलेल्या अर्ध्या जागेत हवा भरते, आणि ती हवा म्हणजे आपण स्वहस्ते आत कोंडलेला चोर. शिवाय झाकण बसवताना त्याच्या काठाच्या खाचेत रंग वाळलेला असेल, तर झाकण बसल्यासारखे दिसते, पण बसत नाही, आणि मग दिवसा तापलेली हवा फुगून त्या फटीतून बाहेर जाते व रात्री निवताना बाहेरची ताजी हवा आत ओढली जाते. २५ अंशांची हवा ४५ अंशांपर्यंत तापली, तर तिचे आकारमान सुमारे पंधराव्या हिश्शाने वाढते. म्हणजे सैल झाकणाचा अर्धा रिकामा डबा भात्याप्रमाणे रोज श्वास घेत असतो, आणि प्रत्येक श्वासाबरोबर प्राणवायूचा नवा हप्ता आत जमा होतो.

चित्रकारांना हा चोर फार जुन्या काळापासून ठाऊक होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत युरोपातील चित्रकार घोटलेला तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत, आणि लागेल तेव्हा टाचणीने भोक पाडून तो पिळून काढत. एकदा भोक पडले, की हवेला आत शिरण्याची सनद मिळाली, आणि पिशवी फुटून रंगाची नासाडी होई ती वेगळीच. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली कथलाच्या मऊ, दाबताच चेपणाऱ्या नळीचे पेटंट घेतले, आणि हा प्रश्न मुळातूनच सुटला. नळीचे श्रेष्ठत्व तिच्या धातूत आहेच, पण त्याहून अधिक आहे तिच्या चेपण्यात: रंग जितका बाहेर येतो, तितकी नळी आत बसते, आणि रिकामी जागा अशी उरतच नाही. चित्रकारांना रंगपेटी उचलून रानात, नदीकाठी जाऊन उघड्यावर चित्रे काढता आली, त्यामागे या बोटभर नळीचा वाटा मोठा आहे, हे कलेच्या इतिहासकारांनी मान्य केलेले आहे. एका भांड्याने चित्राचा विषयच घराबाहेर काढला.

दुसऱ्या पात्राची, त्या दुर्गंधी बरणीची, कथा अशी, की तिच्यात पाणीही शाबूत होते आणि प्राणवायूचा तिला उपद्रवही नव्हता. तिच्यात वस्ती झाली होती. पाण्याच्या रंगांत दाटपणा यावा म्हणून वनस्पतिजन्य सेल्युलोजपासून केलेले पदार्थ मिसळतात, आणि हे पदार्थ जीवाणूंचे अन्न आहे. त्यांचे पाचकरस ही लांब साखळी तोडतात, म्हणून दह्याचे ताक होते, आणि त्यांच्या चयापचयातून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूने कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. कारखानदार याची तजवीज म्हणून रंगात जंतुनाशक घालतो, परंतु ती तजवीज बंद बरणीपुरती आणि बेताच्या हल्ल्यापुरतीच असते. आमच्याकडून काय झाले होते, ते आठवू लागल्यावर आठवले. गेल्या वर्षी मखराचे काम झाल्यावर ताटलीत उरलेला पांढरा रंग, त्यात मिसळलेल्या नळाच्या पाण्यासकट, काटकसरीच्या सद्भावनेने आम्ही पुन्हा बरणीत ओतला होता. आणि त्याआधी चार दिवस ओले ब्रश थेट तिच्यात बुडवले होते. रुंद तोंडाची बरणी हे सगळे सुकर करते, हाच तिचा अपराध. निळ्या कुपीचे तोंड इतके चिंचोळे, की तिच्यात ब्रश जात नाही आणि उरलेला रंग परत ओतता येत नाही. रंग फक्त बाहेर येऊ शकतो. तिचा चांगुलपणा निम्मा तिच्या प्लॅस्टिकचा होता आणि निम्मा तिच्या तोंडाचा.

याच बरणीने आणखी एक सूक्ष्म गोष्ट दाखवली. ॲक्रिलिकमधील गोलक एकमेकांपासून अलग राहावेत म्हणून त्यात थोडा अमोनिया घालून रंग किंचित अल्कधर्मी राखलेला असतो. झाकण वारंवार उघडे राहिले, की पाण्याच्याही आधी हा उडून जाणारा अमोनिया निसटतो. मग रंगात गुठळ्या धरतात आणि जीवाणूंना, बुरशीला वातावरण अधिक मानवते. ताज्या बरणीला येणारा तो नाकाला झोंबणारा बारीकसा वास म्हणजे पहारा जागा असल्याची खूण.

बुरशीचा खरा मुलूख पाहायचा, तर मस्कत सोडून दक्षिणेस धोफार प्रांतात जावे. बाकीचा ओमान भाजत असताना, जून ते सप्टेंबर, सलालाहच्या किनाऱ्यावर व मागील डोंगरांवर मोसमी वाऱ्यांचे धुके आणि भुरभुर असते. या ऋतूला तेथे खरीफ म्हणतात, आणि आपल्या शेतकऱ्याच्या कानावर तो शब्द पडला, तर त्याला आपल्याच दप्तरातला वाटेल. या प्रांतातील स्त्रिया मातीची धूपपात्रे घडवतात. चार कोपरे किल्ल्याच्या बुरुजांसारखे उभे, मध्ये निखारा आणि लोबान ठेवण्याची वाटी. भाजून झाल्यावर बाहेरून लाल, हिरव्या, निळ्या, सोनेरी अशा ठसठशीत रंगांच्या पट्ट्या आणि ठिपके. मजमर या नावाची ही पात्रे सलालाहच्या बाजारात मांडणीवर मांडणी भरून दिसतात. ज्या रंगाने हा मजमर रंगवायचा, त्याच्यापुढे धोफारमधील संकट मस्कतच्या उलट: हवाच पाण्याने भरलेली, त्यामुळे पाणी उडण्याचे भय कमी, पण डिंकाच्या बंधकावर बुरशीची लव उगवण्याचे भय फार. जलरंगाच्या वड्या ज्या बाभूळवर्गीय झाडाच्या डिंकावर बांधलेल्या असतात, त्या अरबी डिंकाचे नाव अरब व्यापाऱ्यांवरून पडले, आणि तो डिंक माणसाइतकाच बुरशीलाही आवडतो. एकाच देशात, एकाच महिन्यात, मस्कतला झाकण घट्ट ठेवावे ते पाणी आत राहावे म्हणून, आणि सलालाहला वडी कोरडी करून ठेवावी ती पाणी बाहेर राहावे म्हणून.

पात्र म्हणजे केवळ साठवण, हीही एक अपुरी कल्पना आहे. कधीकधी पात्र हाच कारखाना असतो. बहला आणि इब्री ही ओमानच्या अंतर्भागातील गावे एके काळी नीळ रंगाऱ्यांसाठी नावाजलेली होती, आणि बहला तर आजही कुंभारकामासाठी प्रसिद्ध आहे. निळीचा रंग पाण्यात विरघळत नाही. तो आंबवून त्यातील प्राणवायूचा संबंध तोडला, की त्याचे पिवळट-हिरव्या विद्राव्य रूपात परिवर्तन होते, कापड त्यात बुडते, आणि बाहेर काढून हवा लागली, की डोळ्यांदेखत निळे होते. म्हणजे रांजणाच्या आत हवा शत्रू आणि रांजणाच्या बाहेर हवा मित्र. ही सरहद्द सांभाळते ते रांजणाचे तोंड. खोल पोट आणि त्या मानाने आवळलेले तोंड असेल, तर हवेला स्पर्श करणारा पृष्ठभाग लहान राहतो आणि कुंड दीर्घकाळ जिवंत राहते. रंगारी कुंडाला जिवंत वा मेलेले म्हणतात, ती अलंकारिक भाषा नव्हे. आतील जीवाणू खरोखरच जिवंत असतात, आणि आमच्या पांढऱ्या बरणीतील भाऊबंदांच्या उलट, येथे ते नोकरीस ठेवलेले असतात. १८९७ साली जर्मनीत कृत्रिम नीळ बाजारात आली, आणि निळीच्या शेतांना जगभर उतरती कळा लागली. परंतु कृत्रिम निळीलाही हवेपासून राखणारे पात्र लागतेच.

सर्वांत शहाणी साठवण कोणती, असे कोणी विचारले, तर उत्तर जुनेच आहे: रंग ओला ठेवूच नये. अजिंठ्याच्या चित्रकारांचे गेरू, पिवळी माती, चुना, काजळी हे सर्व कोरड्या पुडीच्या रूपात वर्षानुवर्षे टिकणारे पदार्थ. बंधक कालवायचे ते कामापुरते. लघुचित्रे काढणारे कारागीर शिंपल्यात थोडाथोडा रंग घोटून घेत, तो वाळला तर थेंबभर पाण्याने पुन्हा जागा करत. शिंपला झिरपत नाही, गंजत नाही, आणि फुकट मिळतो. ओमानच्या सुलतानांनी १७९४ पासून १८६८ पर्यंत इराणकडून बंदर अब्बास आणि त्याच्या ताब्यातील बेटे इजाऱ्याने घेतली होती. त्यांतील होर्मुझ बेटावर लोहाच्या लाल मातीचे डोंगरच्या डोंगर आहेत, आणि ही माती गलबतांतून दूरदूर जाई. तिला बरणी नको, झाकण नको, मुदत नको. एक गोणपाट पुरे. लंडनच्या विल्यम आणि टॉमस या रीव्ह्ज बंधूंनी अठराव्या शतकात हाच विचार जलरंगाच्या घट्ट वड्यांत उतरवला, आणि १७८१ साली त्यांना त्याबद्दल सोसायटी ऑफ आर्ट्सचे पारितोषिक मिळाले. आणि १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी जो उद्योग आरंभला, ज्याचा पुढे कॅमलिन झाला, त्याचा पहिला माल होता ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि वड्या: घरी आणावी, पाण्यात विरघळवावी, दौत भरावी. उंटाचे चित्र त्या कंपनीच्या मालावर पुढे आले. कोरडेपणात टिकून राहण्याचा गुण मात्र पहिल्यापासूनच त्या मालात होता.

आता व्यवहाराचे चार शब्द. पाण्याचा रंग २ किंवा ५ अंकाच्या जाड, चिंचोळ्या तोंडाच्या कुपीत ठेवावा. काचेची बरणी त्याहून अभेद्य, पण तिचे सर्व सामर्थ्य झाकणाच्या आतील मऊ चकतीवर अवलंबून. आट्यांवरचा वाळलेला रंग दर वेळी ओल्या फडक्याने पुसला नाही, तर काचेचा उपयोग शून्य. पाण्याचा रंग अस्तर नसलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्यास डबा गंजतो आणि पांढऱ्यावर तांबूस ओघळ उतरतात. अस्तर असलेल्या डब्याचेही झाकण हातोडीने ठोकले, की काठाचे अस्तर तडकते आणि गंज तेथून आत शिरतो. तेलाचा रंग डब्यात किंवा काचेत, आणि रिकामी जागा ठेवू नये. ॲल्युमिनियमच्या चुऱ्याचे चंदेरी रंग पाण्यात कालवून घट्ट बंद करू नयेत, कारण अल्कधर्मी पाण्याशी त्या धातूची क्रिया होऊन हायड्रोजन वायू साठतो आणि बरणी फुगते. उन्हात उभ्या मोटारीत रंग विसरू नयेत. तेथील उष्मा कपाटाला लाजवील असा असतो, आणि तापमान दहा अंशांनी चढले की रासायनिक क्रियांचा वेग साधारणपणे दुप्पट होतो, हा ठोकताळा तेथे पुरेपूर प्रत्ययाला येतो. पण उन्हाला भिऊन रंग शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यातही ठेवू नयेत. पाणी गोठले, की गोलक एकमेकांवर चेंगरले जातात आणि वितळल्यावर रंगाची खिचडी होते. ओमानात निसर्गतः हा धोका जबल शम्ससारख्या उंच डोंगरांवरील हिवाळी रात्रींपुरताच आहे. बाकी ठिकाणी तो आपण स्वतः विकत आणतो. आणि काहीही झाले, तरी पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत रंग अथवा थिनर ठेवू नये. त्या चुकीची किंमत रंगात मोजली जात नाही.

त्या वर्षी मखर निळे झाले, कारण निळाच रंग उरला होता. तांबड्या एनॅमलचे कातडे सुरीने कडेकडेने कापून अलगद उचलले, खालचा रंग जुन्या मोज्यातून गाळून लोणच्याच्या धुतलेल्या काचेच्या बरणीत भरला, आणि चौरंगाला एक हात दिल्यावर बरणी तिसरा हिस्सा रिकामी झाली. तेव्हा धाकट्याच्या खजिन्यातून काचेच्या गोट्या जप्त करून एकेक आत सोडल्या, रंग गळ्यापर्यंत चढला, झाकणावर तारीख लिहिली, आणि बरणी घरातल्या त्यातल्या त्यात थंड, काळोख्या कोपऱ्यात ठेवली. पुढच्या वर्षी, सुट्टीहून परतल्यावर, झाकण उघडले. वर कातडे नव्हते. काठाशी नखाएवढा पापुद्रा होता, तो ब्रशाच्या टोकाने निघाला. रंग चौरंगावर जसजसा खर्ची पडत गेला, तसतशा गोट्या एकेक वर येऊ लागल्या, आणि धाकटा, जो वर्षभर त्यांचा हिशेब ठेवून होता, चमच्याने त्या काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडू लागला. अकरा निघाल्या, अकराही तांबड्या. त्या पुसून द्यायला निघालो, तेव्हा त्याने हात मागे घेतला. आता त्या त्याला तशाच हव्या होत्या.